डेकखालचा टेकू

"मावशी, तुम्ही त्या जहाजाच्या पिक्चरला होतात ना?" फोनवरच्या मुलीने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. एक तर मी तिची मावशी नाही. दुसरं म्हणजे 'होतात ना' म्हणजे काय? सहलीला होतात ना, तसं? नव्वद दिवसांचं शूटिंग दोनशे चौदा दिवस चाललं, आणि ते दोनशे चौदाही दिवस मी त्या लाकडी जहाजावर वही घेऊन उभी होते. पिक्चर आला आणि आठवड्यात थिएटरातून उतरला. 'जमिनीवर बुडालेलं जहाज' असं पेपरवाल्यांनी लिहिलं. त्यानंतर पंचवीस वर्षं आमच्यापैकी कुणी चारचौघांत त्याचं नाव काढलं नाही.

मुलगी म्हणाली, आता पोरांना तो पिक्चर फार आवडतो. म्हणजे ती जमून बघतात आणि पोट धरधरून हसतात, हिरोचे संवाद त्यांना तोंडपाठ आहेत. म्हणून त्यावर एक माहितीपट करायचा आहे. जुन्या लोकांना बोलवायचं, गप्पा मारायच्या, मजा करायची. माहितीपट काढतेय साहेबांच्या मुलाची कंपनी. साहेब म्हणजे आमचा हिरो.

"सर म्हणाले, डोळ्याला बोलवाच. तिला सगळं आठवतं."

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक, आणि डोळा म्हणजे मी. माझं काम कंटिन्युइटीचं. पिक्चर तुकड्यातुकड्यांत काढतात. आज दारातून आत येणारा माणूस, पुढच्या महिन्यात खोलीत पोचतो. मधल्या काळात त्याच्या शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, घाम कुठल्या बाजूच्या कपाळावर होता, टेबलावरच्या ग्लासात पाणी किती होतं, हे सगळं मी वहीत लिहायची आणि पुढच्या शॉटला तसंच्या तसं आहे की नाही बघायची. माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा हिरॉइनच्या कानातले डावे-उजवे बदलले होते, ते मी चाळीस फुटांवरून ओळखलं. तेव्हापासून सर मला डोळा म्हणायला लागले आणि मग शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच. मला ते आवडायचं. आता लाजून काय करू, फार आवडायचं.

मुलीला मी "येते" म्हणून सांगितलं. मजा करायला नव्हे. मी नसताना ही मंडळी माझ्या दादाबद्दल काय बोलतील, या भीतीने मला घरात बसवेना.

ते जहाज दादाने बांधलं होतं. माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचे वडील सुतार, दादा सुतार, आणि सेटवर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. चाळीस माणसं हाताखाली घेऊन त्याने तीन महिन्यांत ते जहाज उभं केलं. मला त्या लाइनीत त्यानेच आणलं. माझं लग्न झालं नाही, म्हणून वेळ जायला काहीतरी हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. पुढे मी नाव कमावलं आणि त्याचं गेलं. जहाजाचा वरचा डेक कोसळला, एका नाचणाऱ्या मुलीचा खुबा मोडला आणि सगळं खापर दादावर फुटलं. पिक्चरच्या शेवटी नावांची यादी सरकते, त्यातून त्याचं नाव काढून टाकलं. त्यानंतर कुठल्याही स्टुडिओने त्याला साधं स्टूल करायला सांगितलं नाही. शाळांचे बाक दुरुस्त करणं, लोकांच्या स्वयंपाकघरात फळ्या ठोकणं, यावर त्याने संसार ओढला.

मी दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जाते. जायची, असं म्हणायला हवं. त्या रविवारी मी माहितीपटाचं सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "जा की. भेटतील सगळे." आणि ताटात बघत जेवत राहिला.

वहिनींना मात्र राहवेना. "वन्सं, तुम्ही त्यांना विचाराच. म्हणावं, पंचवीस वर्षं झाली. एवढं जहाज बांधलं त्या माणसाचं नाव एका ओळीत लावायला तुमचे हात मोडले होते का?"

"राहू दे गं," दादा म्हणाला.

"राहू दे, राहू दे. आयुष्यभर राहूच दिलंत तुम्ही." मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "चूक झाली असेल यांच्या हातून, मी नाही म्हणत नाही. माणूस आहे. पण एका चुकीची एवढी शिक्षा?"

दादाने मान वर केली नाही. मी पाणी प्यायले.

आता त्या दिवसाचं सांगते. हे मी पंचवीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

सकाळी गाण्याचा शॉट होता. जहाजाच्या मागच्या बाजूला वरचा डेक, जमिनीपासून चौदा फूट उंच. त्यावर आठ मुली नाचतायत आणि खाली पुढे साहेब आणि हिरॉइन. सात टेक झाले. सातही वेळा त्या आठ मुलींनी पाय आपटले. मग जेवणाची सुट्टी झाली. दादाची एक सवय होती. सगळे जेवायला गेले की तो रिकाम्या सेटवर एकटा फिरायचा आणि एकेका सांध्यावर हाताने ठोकून आवाज ऐकायचा. त्या दिवशी वरच्या डेकखालच्या तुळईचा आवाज त्याला आवडला नाही. त्याने ताबडतोब खालून एक टेकू लावला. टेकू म्हणजे जाड खांब, वरच्या तुळईला भार घ्यायला खालून घट्ट ठोकून बसवलेला. मग पक्कं काम करायला लोखंडी पट्ट्या हव्यात म्हणून तो वर्कशॉपमध्ये गेला. वर्कशॉप स्टुडिओच्या पार दुसऱ्या टोकाला. सुट्टीची अजून चाळीस मिनिटं बाकी होती, तेवढ्यात तो परत आला असता.

पण जायच्या आधी त्याने त्या टेकूला रंग लावला. जहाजाचा होता तोच तपकिरी रंग. दुसरा कुठलाही मिस्त्री असता तर लाकूड तसंच कच्चं सोडून गेला असता, आणि बघताक्षणी कुणालाही कळलं असतं की हा आधार आहे, याला हात लावायचा नाही. माझ्या दादाला कच्चं लाकूड सेटवर बघवायचं नाही. त्याने तो खांब इतका सुंदर रंगवला की तो जहाजाचाच भाग वाटायला लागला.

इकडे साहेबांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. म्हणून सरांनी सुट्टी अर्ध्यात मोडली आणि सगळ्यांना जेवणावरून उठवून आणलं. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले, फ्रेम बघितली आणि मला तो खांब दिसला. सकाळच्या सात टेकमध्ये तो नव्हता. मी जाऊन बोट लावून पाहिलं, रंग बोटाला लागला.

"सर," मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "हा खांब सकाळी नव्हता."

"बघा! हिच्या नजरेतून काही सुटतं का?" सर खूश झाले. "कुणी आणून उभा केला? काढा तो, चला, चला."

नाचणाऱ्या मुली अजून मेकअप रूममधून यायच्या होत्या. दोन माणसं हातोडे घेऊन गेली. सेटवरचा शोभेचा खांब एका ठोक्यात बाजूला होतो, त्याच्यावर कसलाच भार नसतो. पहिला ठोका पडला, खांब हलला नाही. दुसरा पडला, तरी हलला नाही. मी सुताराची मुलगी आहे. दुसऱ्या ठोक्याला मला कळलं की हा टेकू आहे आणि तो दादाने लावलाय. मी म्हणाले, "थांबा जरा." एवढं खरंच म्हणाले. तेव्हा साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अरे, डोळ्याचं समाधान झालं नाही का अजून? आता काय, समुद्र सकाळी वेगळा होता?" सगळं युनिट हसलं. मला इतकं अपमानास्पद वाटलं की मी तोंड मिटलं. तिसऱ्या ठोक्याला टेकू निघाला.

दुसऱ्या टेकला डेक खाली आला.

सात मुली खरचटण्यावर निभावल्या. आठवी एकोणीस वर्षांची होती. दादा पट्ट्या घेऊन धावत आला तेव्हा ती पोर फळ्यांखाली ओरडत होती आणि त्याने हातांनी फळ्या उपसल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी झाली. दादा म्हणाला, मी टेकू लावला होता, तो कुणीतरी काढला. सरांना विचारलं. सर म्हणाले, एवढ्या गडबडीत मला आठवत नाही. ज्यांनी ठोकून काढला ते दोघे रोजंदारीवरचे, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. बाकी युनिटपैकी सरांच्या विरुद्ध बोलायला कुणी पुढे आलं नाही. मग मला विचारलं. दादा समोरच्या खुर्चीवर बसला होता, त्याच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या. दिसला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, काढायला कुणी लावला? आणि मग, तुला कळलं कधी? माझ्या तोंडून निघालं, "मला दिसला नाही."

झालं. डोळ्याला दिसला नाही म्हणजे नव्हताच. मिस्त्री स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलतोय, असं तिथल्या तिथे ठरलं. त्या संध्याकाळी मी वहीतलं ते पान फाडलं. सबंध नोकरीत फाडलेलं माझं ते एकच पान. दादा मला काही बोलला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. त्याला वाटलं असेल की गडबडीत हिने खरंच पाहिला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ती मला पंचवीस वर्षं पुरली.

शूटिंगच्या दिवशी गाडी मला जुन्या स्टुडिओत घेऊन गेली. आमच्या तीन नंबरच्या फ्लोअरवर आता फ्रिजचं गोदाम आहे. छतापर्यंत खोकी रचलेली, मधे थोडी जागा करून सोफा आणि लाइट. सर आले, कानात यंत्र घालून. साहेब आले, पंचाहत्तरीला काळेभोर केस घेऊन. आणि गप्पा सुरू झाल्या.

खोटं कशाला बोलू, मजा आली. पहिलं जहाज बांधून झालं आणि साहेब म्हणाले, मी बुटका नाही, जहाजच बुटकं आहे, मोठं करा. दुसरं मोठं केलं तर डोलकाठी छताला टेकली. वादळाच्या सीनसाठी पाण्याचे पंप आणले, ते चालू केले आणि साहेबांची दाढी वाहून गेली. गटारापर्यंत मेकअपवाला तिच्यामागे धावला. हे सगळं आम्ही एकमेकांच्या तोंडातून काढून घेत सांगत होतो. मी हसून हसून डोळे पुसले. चाळीस लोक सात महिने रोज रडले होते, आणि आता सगळ्यांना त्यातलं हसूच तेवढं आठवत होतं. मलासुद्धा.

मग सरांनी चेहरा गंभीर केला. "एक दुर्दैवी दिवसही आमच्या वाट्याला आला," ते म्हणाले.

"त्याबद्दलच एक सरप्राइज आहे," फोनवरची ती मुलगी म्हणाली. खोक्यांच्या मागून काठी टेकत एक बाई आली. ती आठवी मुलगी. आता चव्वेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी. लहान मुलांना नाच शिकवते म्हणाली, खुर्चीत बसून. साहेबांनी उठून तिला सोफ्यावर जागा दिली. कॅमेऱ्याने ते छान टिपलं असेल, जागा देतानाही ते कॅमेऱ्याकडे तोंड करूनच उभे होते.

फोनवरच्या मुलीने तिला विचारलं, मनात राग आहे का?

"होता," ती म्हणाली. "फार वर्षं होता. त्या मिस्त्रीचं तोंड आठवलं की अंगाची आग व्हायची. काम कच्चं ठेवलं आणि वर खोटं बोलला. पण किती दिवस जाळत बसायचं स्वतःला? आता मी त्याला माफ केलंय. मनापासून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रुमाल काढला. सर म्हणाले, "मोठं मन आहे हो पोरीचं." आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. जणू काय आम्ही दोघांनी मिळून एखादं चांगलं काम तडीस नेलंय.

तिथे मात्र माझा ताबा सुटला.

"माफ? कशाबद्दल माफ?" मी म्हणाले. "त्याने टेकू लावला होता. मी पाहिला होता. काढायला मी लावला, सरांनी काढला. तो निघत नव्हता तेव्हा मला कळलं होतं की तो आधार आहे. मी बोलले नाही. चौकशीत मी खोटं बोलले. माझा भाऊ खरं बोलत होता."

 कॅमेरा चालू होता, त्याचा लाल दिवा मला दिसत होता. मी सगळं सांगितलं, रंग, सुट्टी, तीन ठोके, फाडलेलं पान. सांगता सांगता मला रडू फुटलं, त्याची मला आता लाज वाटते, कारण रडायचा हक्क तिथे माझा नव्हता.

ती बाई माझ्याकडे बघत होती. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये यायचात," ती हळू म्हणाली. "दर आठवड्याला. मी सगळ्यांना सांगायचे, एवढ्या लोकांतून ही एकच बाई येते."

"हो."

"मिस्त्रीही आला होता एकदा. दारात उभा होता. माझ्या आईने त्याला वाट्टेल ते बोलून हाकलून दिलं. तुम्ही तेव्हा माझ्या पलंगाशेजारी बसला होतात."

"हो. बसले होते."

तिने काठी घेतली आणि ती उठून गेली. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

सरांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. "काय म्हणाली ही? मला नीट ऐकू नाही आलं." मघापासून त्यांना दाढी वाहून गेल्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.  साहेब कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघत होते.

मुलीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "मावशी, हे फार जबरदस्त होतं," ती माझा हात धरून म्हणाली. "फक्त एकदा परत सांगाल का? मधे बाहेर फ्रिजचा ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज आलाय."

मी परत सांगितलं. आणि काय सांगू तुम्हाला, बोलायला लागण्याआधी मी खाली बघून घेतलं, मघाशी माझा डावा हात उजव्या हातावर होता की उजवा डाव्यावर. हाडात मुरलेली सवय. मला माझी किळस आली.

तिथून मी थेट दादाकडे गेले. दुपारचे तीन वाजले असतील. दादा गॅलरीत खुर्चीचा पाय सरस लावून बसवत होता आणि वहिनी शेजारी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

दादाने खुर्चीचा पाय दाबून धरला होता, तो सोडला नाही. सरस धरेपर्यंत सोडता येत नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू 'दिसला नाही' म्हणालीस तेव्हापासून. तुला दिसला नाही असं कधी काही झालंय का?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "पहिली दोन-तीन वर्षं वाट बघितली. रविवारी तू आलीस की वाटायचं, आज बोलेल. तू फळं आणायचीस, गप्पा मारायचीस, जायचीस. मग मी वाट बघायचं सोडलं. त्यानंतर जरा झोप यायला लागली. आता हे परत कशाला काढलंस? राग करायचा तर त्यालाही अंगात काही शिल्लक लागतं."

मी काही बोलणार तोच वहिनी उठल्या. त्या माझ्याकडे नाही, दादाकडे बघत होत्या. "मी तुम्हाला विचारलं होतं. त्याच रात्री विचारलं होतं, वन्संनी पाहिला असेल ना टेकू? तुम्ही म्हणालात, ती तेव्हा तिथे नव्हती."

"तुला सांगितलं असतं तर तू तिला घरात घेतलं असतंस का?"

"नसतं घेतलं!" वहिनींचा आवाज फाटला. "आणि मी काय समजत राहिले? तुम्ही विसरलात आणि मग खोटं बोललात. नवऱ्याला मी पंचवीस वर्षं खोटारडा समजले. घरात साधा खिळा मारलात तरी मागून येऊन हलवून बघायची मी. बघायची की नाही? तुम्हाला दिसत नव्हतं का ते?"

"दिसायचं," दादा म्हणाला.

वहिनी मटक्‍कन स्टुलावर बसल्या. मटारचं भांडं लवंडलं, कुणी उचललं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "हे त्या फिल्ममध्ये येणार? तुम्ही बोललात ते? सगळ्यांना दिसणार?"

"हो वहिनी. दोनदा बोलले. कॅमेऱ्यासमोर."

"मग ती येऊ दे. लोकांना कळू दे यांचं. तोवर तुम्ही येऊ नका. नंतरचं नंतर बघू."

मी दादाकडे पाहिलं. तो खुर्ची धरून बसला होता. मी चप्पल घातली आणि निघाले.

सहा आठवडे गेले. रविवारी मी घरी एकटीने जेवायची. मधल्या काळात भाचीचा एकदा फोन आला. ती म्हणाली, आत्या, आई खालपासून वरपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय. बाबांचा जुना मदतनीस, बाबांनी ज्यांचे बाक केले त्या शाळेचे हेडमास्तर, आईच्या माहेरचे, सगळ्यांना त्या दिवशी बघायला घरी बोलावलंय. बाबा नको नको म्हणतायत, पण काल त्यांनी स्वतःच न्हाव्याकडे जाऊन केस कापून आणले. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी फोन ठेवल्यावर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. माझं काय व्हायचं ते होवो, एवढं एक होऊ दे, असं शंभर वेळा म्हटलं.

माहितीपट रविवारी संध्याकाळी सहाला लागला. दीड तासाचा. मी टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. जहाज बुटकं होतं, ते आलं. डोलकाठी आली. दाढी आली, तिच्यावर गमतीचं संगीत घातलं होतं. मी आले, हसून डोळे पुसताना. खाली लिहिलं होतं, 'डोळा, जिच्या नजरेतून काहीच सुटत नसे'. मग सर म्हणाले, एक दुर्दैवी दिवसही आमच्या वाट्याला आला. काठी टेकत ती बाई आली, साहेब उठले, तिला जागा दिली. काम कच्चं ठेवलं आणि वर खोटं बोलला, ती म्हणाली. मी त्याला माफ केलंय, मनापासून. टाळ्या. साहेबांचा रुमाल. आणि मग मी. पाणावलेल्या डोळ्यांनी, डावा हात उजव्यावर ठेवून. आवाज नाही, फक्त व्हायोलिन. बघणाऱ्याला वाटावं, त्या माफीने हिला गहिवरून आलंय.

पुढचा शॉट समुद्राचा होता. मी तरीही शेवटपर्यंत बसले, कुठेतरी नंतर घातलं असेल म्हणून. शेवटी नावं सरकली. साहेबांच्या मुलाचं सगळ्यात मोठं होतं.

फोन वाजला. वहिनींच्या नंबरवरून. मागे भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता, लोक उठून निघाले असावेत. कुणीतरी "चला, येतो" म्हणालं, फार हळू, मयताच्या घरातून निघताना म्हणतात तसं.

"बघितलं आम्ही," वहिनी म्हणाल्या. "बावीस माणसं होती."

"वहिनी, मी बोलले होते. सगळं बोलले होते. त्यांनी कापलं ते. मी शपथ घेऊन सांगते, त्या मुलीला विचारा, कुणालाही विचारा. मी बोलले होते."

त्यांनी आधी दारातल्या कुणाला तरी "या" म्हटलं. मग म्हणाल्या, "असेल," आणि फोन ठेवला.